पाटीवरचे नाव, नोंदवहीतले नाव

रस्त्याला किंवा चौकाला नाव देण्याचा प्रस्ताव महापालिकेत बहुतेक वेळा एका पानाच्या पत्राने येतो. नगरसेवकाचे लेटरहेड, खाली चार ओळींची विनंती: माझ्या प्रभागातील अमुक दुकानाजवळच्या चौकास अमुक यांचे नाव द्यावे, सदर विषय येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा. जयंत्या-पुण्यतिथ्या जवळ आल्या की अशी पत्रे वाढतात. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका ‘ड’ वर्ग महापालिकेच्या नगरसचिव कार्यालयात मी लिपिक म्हणून लागले आणि अधीक्षक म्हणून निवृत्त झाले. त्यातली बरीच वर्षे नामकरणाच्या फायली माझ्या टेबलावर होत्या. घरपट्टी, नगररचना, पाणीपुरवठा अशा खात्यांच्या मानाने हे काम किरकोळ समजले जाई. मला ते कधीच किरकोळ वाटले नाही. कोट्यवधींच्या निविदा ज्या सभेत पाच मिनिटांत मंजूर होत, त्याच सभेत एका तिकटीच्या नावावरून दोन-दोन तास चर्चा चाललेली मी इतिवृत्त लिहिताना ऐकली आहे. माणसे जिथे इतकी हळवी होतात तिथे काहीतरी मोलाचे असतेच.

कायद्यात याबद्दल फार थोडे आहे. मुंबईला १८८८ चा अधिनियम लागू, बाकीच्या महापालिकांना १९४९ चा. रस्त्यांना नावे देण्याचा अधिकार दोन्हींत आहे. पण नाव कसे निवडावे, कोणाचे द्यावे, कोणाला विचारून द्यावे, यावर कायदा बोलत नाही. ती मोकळी जागा प्रत्येक महापालिका आपल्या ठरावाने भरते आणि त्या ठरावाला धोरण म्हणतात. आमच्या धोरणात थोडीच कलमे होती. हयात व्यक्तीचे नाव देऊ नये. रस्ता महापालिकेच्या ताब्यातला असावा. तेच नाव शहरात दुसरीकडे नसावे. एकदा दिलेले नाव बदलू नये. रहिवाशांच्या हरकती-सूचना मागवाव्यात. ज्यांचे नाव द्यायचे त्यांच्या कार्याची माहिती पुराव्यांसह जोडावी. एवढ्या कलमांवर अख्ख्या शहराची नावे चालतात, आणि प्रत्येक कलमाच्या मागे कुठलातरी जुना तंटा असतो हे जुनी इतिवृत्ते चाळली की कळते.

ताब्याचे कलम रुक्ष, पण त्याच्यावाचून चालत नाही. रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाचा आहे की आमचा, ले-आउटमधला रस्ता हस्तांतरित झाला आहे की अजून खाजगी आहे, हे शहर अभियंत्यांच्या अभिप्रायाशिवाय ठरत नाही. खाजगी रस्त्यावर महापालिकेची पाटी लागली की तोच पुरावा म्हणून पुढे कोर्टात दाखवला जातो.

दुबार नावांचे कलम मात्र मला आधी नुसते तांत्रिक वाटायचे. शहरात एकाच नावाची तीन-तीन नगरे होती. जुन्या नगरपालिकेच्या हद्दीतले एक, हद्दवाढीत आलेल्या दोन गावांतली दोन. लोक ‘कुठलं?’ असे विचारून भागवत होते. पोस्टमन घर ओळखून पत्र टाकत होते. मग २०१४ मध्ये राज्यात १०८ ची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली. तिचे फोन घेणारे लोक आमच्या गावातले नसतात, त्यांना ‘ओढ्याकडचं’ आणि ‘स्टेशनाकडचं’ हा फरक कसा कळावा? एक मुलगा आमच्या कार्यालयात आला होता. त्याच्या आईला रात्री धाप लागली, गाडी निघाली ती त्याच नावाच्या दुसऱ्या वस्तीत गेली आणि तिथून फिरून यायला वेळ लागला. आई वाचली. तो भांडायला आला नव्हता. आपल्या भागाचे नाव बदलायचे असेल तर अर्ज कुठे करायचा, एवढेच त्याला हवे होते. त्या दिवसानंतर कोणताही नवीन प्रस्ताव आला की मी आधी मालमत्ता कराच्या नोंदींत ते नाव शोधायची, मग प्रभागातल्या मुकादमांना विचारायची, कारण कागदावर नसलेली नावे त्यांना माहीत असतात. नाव हा आधी पत्ता असतो, मग सन्मान. सन्मान देताना पत्ता बिघडला तर त्याची किंमत कोणीतरी रात्री-अपरात्री मोजतो.

‘दिलेले नाव बदलू नये’ या कलमाला मोठी परंपरा आहे. गावांची नावे बदलण्याबाबत केंद्रीय गृहमंत्रालयाने १९५३ मध्येच राज्यांना मार्गदर्शक सूचना दिल्या होत्या: लोकांच्या सवयीची झालेली नावे खास कारण असल्याशिवाय बदलू नयेत, इतिहासाशी जोडलेली नावे शक्यतो राखावीत. १९७५ च्या पत्रात रस्त्यांबद्दल तेच सांगितले आहे. नावे बदलल्याने टपालाचा आणि लोकांचा गोंधळ होतोच, शिवाय इतिहासाचे भान हरवते, असा त्याचा आशय. त्या पत्राची झेरॉक्स मी फाइलच्या पहिल्या पानावर ठेवायची. नगरसेवकांना समजावताना तिचा उपयोग व्हायचा, कारण ‘मॅडमनी अडवलं’ असे म्हणायला जागा राहत नसे.

अर्थात महाराष्ट्रात नावे बदलली गेली, आणि त्यांतली कोणती लोकांच्या तोंडी बसली नि कोणती बसली नाहीत हे पाहण्यासारखे आहे. मुंबईचा पेडर रोड कागदोपत्री डॉ. गोपाळराव देशमुख मार्ग आहे. लॅमिंग्टन रोड डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे. टॅक्सीवाल्याला आजही जुनीच नावे सांगावी लागतात. हॉर्नबी रोडचा दादाभाई नौरोजी मार्ग झाला आणि हे नाव रुळले, पण ‘डी. एन. रोड’ होऊन. स्वामी विवेकानंद मार्गाचा ‘एस. व्ही. रोड’ झाला, पुण्यात जंगली महाराज रस्त्याचा ‘जे. एम.’ झाला. उलट पुण्यातली पेठांतली देवळे पाहा. खुन्या मुरलीधर, जिलब्या मारुती, पासोड्या विठोबा, उंबऱ्या गणपती, सोट्या म्हसोबा. ही नावे कोणत्याही सभेने मंजूर केलेली नाहीत, त्यांना सूचक-अनुमोदक नाहीत, आणि कोणी ती बदलू शकलेले नाही. स्वारगेटच्या चौकाला केशवराव जेधे यांचे नाव आहे, पण बसमध्ये माणूस तिकीट मागतो ते स्वारगेटचे. म्हणून मी टिपणीत नेहमी लिहायची की नाव आटोपशीर असावे. ‘स्वातंत्र्यसैनिक सहकारमहर्षी कै.’ अशी उपाधींची माळ लावली की लोक ती चार अक्षरांत गुंडाळतात, आणि त्या अक्षरांत माणूस दिसेनासा होतो. ज्यांच्या आदरापोटी उपाधी लावल्या त्यांच्याच स्मृतीचे त्यात नुकसान आहे.

या सगळ्यात मला हुतात्मा चौकाचे नाव वेगळे वाटते. २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनपाशी संयुक्त महाराष्ट्रासाठी जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला. ते नाव पाटीवर येण्याआधीच तिथे घडून गेले होते. ‘फाउंटन’ हा शब्द अजून तोंडी आहे, पण हुतात्मा चौक म्हटले की कुठे आणि का, हे दोन्ही मुंबईबाहेरच्या माणसालाही कळते. जागेचा आणि नावाचा असा संबंध असेल तर धोरणाची गरजच उरत नाही. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक प्रस्तावांत तो नसायचा. ज्या थोर व्यक्तीचे नाव सुचवले जाई, तिचे शहरात आधीच एक उद्यान, एक शाळा, एक मार्केट असायचे. आणि ज्यांनी त्या गल्लीत आयुष्य काढले त्यांच्यासाठी पत्र लिहायला कोणी नसायचे.

एका बोळातल्या बायका मात्र एकदा स्वतः अर्ज घेऊन आल्या. त्यांच्या बोळाला नावच नव्हते. ‘पिठाच्या गिरणीमागचा बोळ’ एवढाच पत्ता. त्यांना तिथल्या एका सुईणीचे नाव हवे होते. बोळातली सगळी तिला मावशी म्हणत, मीही इथे मावशीच म्हणते, कारण तिच्या घरच्यांना विचारल्याशिवाय नाव छापणे बरे नाही. मावशीला जाऊन काही वर्षे झाली होती. अर्जावर सह्यांपेक्षा अंगठे जास्त होते. नियमाप्रमाणे मी कार्याची माहिती आणि पुरावे मागितले. प्रमाणपत्र, पुरस्कार, वर्तमानपत्रातले कात्रण, संस्थेचे पत्र, असे काहीतरी. त्या एकमेकींकडे पाहत राहिल्या. त्यांच्यातली एक म्हणाली, “बाई, पुरावा काय द्यायचा? आम्हीच की पुरावा.”

उत्तर अगदी बरोबर होते आणि धोरणात त्याला रकाना नव्हता. आमच्या शहरात तोवर ज्या स्त्रियांची नावे रस्त्यांना होती त्या जिजाबाई, अहिल्याबाई, सावित्रीबाई, लक्ष्मीबाई, रमाबाई. थोर स्त्रियाच त्या, पण आमच्या गावात राहून गेलेली त्यांत एकही नव्हती. पुरुषांमध्ये मात्र स्थानिक डॉक्टर, वकील, पैलवान, तालमीचे वस्ताद, माजी नगराध्यक्ष, सगळे होते. यामागे कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. पुरावा मागणारे कलमच असे होते की ज्यांचे काम कागदावर येते तेच त्यातून पुढे सरकत. बाईचे काम घरात, अंधारात, बाजेशेजारी होते, तिथे कात्रण कुठून येणार?

मग मला जन्म-मृत्यू नोंदणीच्या वह्या आठवल्या. १९६९ च्या नोंदणी कायद्याने प्रसूतीच्या वेळी हजर असलेल्या सुईणीवरही जन्माची खबर देण्याची जबाबदारी टाकलेली आहे. त्या विभागातल्या सहकाऱ्याने जुन्या वह्या काढून दिल्या. घरी झालेल्या बाळंतपणांच्या नोंदी, गल्ली पाहून, पान उलटत आम्ही वाचत गेलो. माहिती देणाऱ्याच्या रकान्यात तोच अंगठा. पानामागून पान, वर्षामागून वर्ष. मधल्या काळात अंगठ्याच्या जागी वाकड्यातिकड्या अक्षरांत सही दिसू लागली. प्रौढ साक्षरता वर्गात जात असावी. आम्ही त्या पानांच्या प्रती काढल्या आणि प्रस्तावाला पुरावा म्हणून महापालिकेच्याच नोंदवहीचा उतारा जोडला. आपल्या संस्थेसाठी इतकी वर्षे बिनपगारी काम केलेल्या बाईची ओळख संस्थेला आपल्याच दप्तरातून पटली, याचा मला आजही अभिमान वाटतो. विषय दोनदा तहकूब झाला, तिसऱ्या सभेत मंजूर झाला. ज्या नगरसेवकाने अनुमोदन दिले तो त्याच बोळाच्या पलीकडे जन्मलेला होता, आणि त्याच्या जन्माचे पानही आम्हाला वह्यांत सापडले होते.

यानंतर आमच्या नाव समितीने पुराव्याच्या कलमात एक वाक्य वाढवले: रहिवाशांचे एकत्रित निवेदन आणि शासकीय नोंदी हाही कार्याचा पुरावा मानावा. वाक्य साधे आहे. इतर शहरांनी ते आपल्या ठरावांत घ्यावे असे मला मनापासून वाटते.

‘जुने नाव बदलू नये’ हे कलम मी वर्षानुवर्षे जपले, पण एका ठिकाणी ते मोडलेच पाहिजे होते. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची आणि रस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. महारवाडा, मांगवाडा, ढोरवस्ती, ब्राह्मणवाडा, माळी गल्ली अशी नावे जाऊन समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावे द्यावीत, असे त्यात सुचवले होते. ही नावे सवयीची होती, जुनी होती, इतिहासाशी जोडलेली होती. १९५३ च्या सूचनेतले सगळे निकष ती पुरे करत होती. पण सवय कोणाची? वाड्याबाहेरच्यांची. आत राहणाऱ्याला ते नाव दर अर्जावर, दर दाखल्यावर लिहावे लागत होते. एका वस्तीतली कॉलेजात शिकणारी मुलगी मला म्हणाली की ती नोकरीच्या अर्जात कधीच वस्तीचे नाव घालत नाही, ‘मारुती मंदिरामागे’ असे लिहिते. पोस्टमन ओळखीचे असल्यामुळे पत्र पोहोचते. लहानपणापासून चुकवत आलेला पत्ता तिने इतक्या सहज सांगितला की मला पुढचा प्रश्न विचारवेना.

मालमत्ता कराच्या नोंदवहीतून आम्ही यादी केली. खरे काम त्यानंतरचे होते, वस्त्यांत जाऊन लोकांना विचारण्याचे. वरून तगादा होता की सुचवलेल्या नावांतले एक-एक वाटून ठराव करून टाका. एका समाजमंदिरातल्या बैठकीत एक वयस्कर गृहस्थ, सगळे त्यांना तात्या म्हणत, उठून उभे राहिले. “पहिलं नाव आम्हाला इचारून ठेवलं न्हवतं. आता दुसरं तरी आम्हाला इचारून ठेवा.” एवढे बोलून ते बसले. मग तरुण मुले बोलू लागली. काहींना बाबासाहेबांचेच नाव हवे होते, अभिमानाने, ठळक अक्षरांत. काहींचे म्हणणे होते की गावात फक्त आपल्याच वस्त्यांना भीमनगर नि समतानगर म्हणायला लागले तर नवे नाव जुन्याचेच काम करील. पत्ता वाचणारा पुन्हा जात वाचील. दोन्ही बाजूंचे ऐकताना मला दोन्ही पटत होते, आणि अजूनही पटतात. म्हणून तिथे निर्णय आमचा नव्हता.

दुबार नावाचे कलम इथेही आडवे आले. तीन वस्त्यांनी एकच नाव मागितले आणि शहरात त्या नावाचे एक नगर आधीच होते. रुग्णवाहिकेची गोष्ट मी त्या बैठकीत सांगितली. तिन्ही वस्त्यांतली माणसे एकत्र बसली. एका वस्तीने रमाईंचे नाव घेतले. दुसऱ्या वस्तीतल्या मुलांनी ‘मूकनायक’ सुचवले, बाबासाहेबांनी १९२० मध्ये काढलेल्या पाक्षिकाचे. सरकारी यादीत हे नाव नव्हते आणि आमच्यापैकी कोणालाही ते सुचले नसते.

आणखी एक भीती होती, ती बायकांनी बोलून दाखवली. मुलांची जात पडताळणी व्हायची आहे. अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचे पुरावे द्यावे लागतात. आज्याच्या शाळेच्या दाखल्यावर जुन्या वस्तीचे नाव आहे, उद्या महापालिकेच्या दप्तरात नवेच नाव असेल, तर ही तीच जागा हे कोण सांगणार? ज्या नावापासून सुटायचे, त्याच नावाचा कागद हक्कासाठी जपून ठेवायचा, हे ओझे मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळले. आम्ही ठरावाच्या मसुद्यात मजकूर घातला की पूर्वीचे नाव आणि नवीन नाव एकाच जागेचे असल्याची नोंद कायमस्वरूपी राहील आणि मागेल त्याला तसा दाखला विनाशुल्क मिळेल. पाटीवर जे राहू नये ते नोंदवहीत राहिले पाहिजे. नामकरणाच्या धोरणात हे कलम बहुतेक ठिकाणी नसते. ते नसेल तर नाव बदलाचा सगळा त्रास गरिबाच्या वाट्याला येतो, कारण कागद हरवले तर दुसरे मिळवण्याची सोय त्याच्याकडेच सगळ्यांत कमी असते.

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात २७ जुलै १९७८ ला झाला आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ हे नाव प्रत्यक्षात यायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. मधल्या काळात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली, माणसे मारली गेली. तात्यांनी ती वर्षे वर्तमानपत्रांत वाचून काढलेली होती. नाव हा कागदी विषय आहे असे जे म्हणतात, त्यांनी ती वर्षे आठवावीत.

२०२२ पासून राज्यातल्या अनेक महापालिकांवर प्रशासक आले. नामकरणाचे विषय सभागृहाऐवजी प्रशासकांच्या सहीने मंजूर होऊ लागले. फायली लवकर निघत. पण सभेत दोन तास चालणारी ती भांडणे मला आवश्यक वाटत होती. त्या भांडणांत शहराला आपण कोणाला मानतो हे स्वतःच्या तोंडून ऐकावे लागत होते.

आता हद्दवाढीचा प्रश्न सगळीकडे आहे. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे आली. लहान शहरांतही तेच चालले आहे. गाव शहरात आले की विकास आराखड्यातला रस्ता आखला जातो, नऊ मीटर, बारा मीटर, अठरा मीटर, आणि बराच काळ त्याला रुंदीशिवाय दुसरे नाव नसते. बिल्डर आपल्या संकुलाची कमान उभारतो, बसथांब्याला संकुलाचे नाव पडते, आणि मग ते हलवता येत नाही. त्याच जागेला पिढ्यान्‌पिढ्या नाव असते: वडाची पाणंद, चिंचेचा मळा, धनगरतळे, खडकाची वगळ. सातबाऱ्यावर गट नंबर असतो, ही नावे बहुधा नसतात. म्हणून माझे सांगणे आहे की आराखड्यातला रस्ता मंजूर होतानाच त्याच्या नावाचा प्रस्ताव व्हावा, आणि त्याआधी त्या शिवारात राबलेल्या माणसांकडून जुनी नावे लिहून घेतली जावीत. माझ्या जुन्या सहकाऱ्यांना मी हे पत्राने कळवले आहे. नव्या नाव समितीची पहिली बैठक झाली की हद्दवाढीतल्या गावांची यादी घेऊन मी त्यांच्याबरोबर जायला तयार आहे. शिवारे माहीत असलेली माणसे आज ऐंशीच्या पुढची आहेत, तेव्हा ही बैठक या उन्हाळ्यातच व्हायला हवी.